गोठलेल्या डीईएफसमोर रिफ्रॅक्टोमीटर: तीन हिवाळ्यांच्या वापरानंतर

अवजड ट्रकांच्या दुरुस्तीचे काम करणाऱ्यांना हिवाळ्यातल्या तक्रारी पाठ असतात. पहाटे गाडी सुरू केल्यावर डीईएफचा (डिझेल एक्झॉस्ट फ्लुइड, म्हणजे धुरातले नायट्रोजन ऑक्साइड कमी करण्यासाठी एक्झॉस्टमध्ये फवारायचे युरियाचे द्रावण) दिवा लागतो, काल संध्याकाळी भरलेली टाकी आज रिकामी दिसते, काही तास चालल्यानंतर इंजिनाची ताकद कमी होते आणि चालक ‘युरिया खराब निघाला’ एवढेच सांगून किल्ली हातात देतो. युरिया खरोखर खराब आहे का, की तो गरम करणारी यंत्रणा बंद पडली आहे, की दोन्ही ठीक असून मोजणारा सेन्सरच चुकतो आहे, हे ठरवल्याशिवाय पुढचे कोणतेही काम म्हणजे अंदाजाने सुटे भाग बदलणे होय. या तीन शक्यतांपैकी पहिली वेगळी काढण्यासाठी मी तीन हिवाळ्यांपूर्वी डीईएफसाठीच आखणी केलेले, हातात धरून डोळ्याला लावायचे ऑप्टिकल रिफ्रॅक्टोमीटर, म्हणजे द्रावणातल्या प्रकाशाच्या वाकण्यावरून युरियाचे प्रमाण दाखवणारे उपकरण, घेतले. या घडणीची उपकरणे अनेक नावांनी विकली जातात आणि त्यांचे गुणदोष नावापेक्षा घडणीतून येतात, म्हणून इथे मी घडणीबद्दलच लिहितो आहे.

माझे मत आधीच सांगतो. हे उपकरण घ्यावे. मात्र थंडीत ते चुकते तेव्हा दोन्ही बाजूंना सारखे चुकत नाही. पाणी मिसळलेले डीईएफ ते चांगले असल्याचे दाखवते, आणि हिवाळ्यात आपल्याला नेमके तेच पकडायचे असते. ही गोष्ट मला पहिल्या हिवाळ्यात माहीत नव्हती आणि त्यामुळे एका ट्रकचे निदान मी पूर्णपणे चुकवले होते. त्याबद्दल पुढे लिहिले आहे.

उपकरणाची रचना साधी आहे. एका टोकाला तिरका काचेचा प्रिझम आणि त्यावर पारदर्शक झाकण, दुसऱ्या टोकाला डोळ्याला लावायची भिंग असलेली नळी, आणि मध्ये शून्य जुळवण्याचा छोटा स्क्रू. प्रिझमवर दोन-तीन थेंब टाकायचे, झाकण बसवायचे, थेंब सगळीकडे पसरून तापमान स्थिर होईपर्यंत अर्धा मिनिट थांबायचे आणि उजेडाकडे धरून निळ्या-पांढऱ्या भागांची सीमारेषा मोजपट्टीवर कुठे पडते ते वाचायचे. युरियाचे प्रमाण बदलले की द्रावणातून जाणाऱ्या प्रकाशाचे वाकणे, म्हणजेच अपवर्तनांक बदलतो, आणि ही रेषा तोच बदल दाखवते. आयएसओ २२२४१ या मानकानुसार डीईएफमध्ये वजनाने ३२.५ टक्के युरिया आणि उरलेले खनिजमुक्त पाणी असते. युरियाचे प्रमाण ३१.८ ते ३३.२ टक्क्यांच्या दरम्यान असावे लागते आणि २० अंश सेल्सिअसला अपवर्तनांक १.३८१४ ते १.३८४३ या पट्ट्यात यावा लागतो.

हा पट्टा फार अरुंद आहे, आणि खरेदी करताना सर्वांत आधी याचाच विचार करावा. संपूर्ण मान्य अंतर १.४ टक्क्यांचे आहे. ज्या मोजपट्टीवर एकेका टक्क्याच्याच रेघा आहेत, तिच्यावर ३१.५ आणि ३२ यांतला फरक डोळ्याने ठरवणे म्हणजे स्वतःची समजूत घालणे आहे. माझ्या उपकरणावर ०.२ टक्क्याच्या रेघा आहेत आणि त्याहून जाड आखणी मी कोणालाही सुचवणार नाही. या अरुंदपणाचा अर्थ एका हिशेबाने लक्षात येईल. शंभर लिटर डीईएफचे वजन सुमारे १०९ किलो भरते आणि त्यात साधारण ३५.४ किलो युरिया असतो. त्यात अवघे पाच लिटर पाणी पडले की प्रमाण सुमारे ३१.१ टक्क्यांवर येते, म्हणजे मर्यादेच्या बरेच खाली. मर्यादा ओलांडायला शंभर लिटरमागे अडीच लिटरच पुरेसे असतात. गोठलेल्या टाकीच्या तोंडातून ‘थोडे कोमट पाणी’ ओतणारा चालक सहसा यापेक्षा जास्तच ओततो.

आता थंडीकडे वळू. ३२.५ हे प्रमाण मनाला येईल तसे ठरलेले नाही. युरिया आणि पाण्याच्या मिश्रणाचा गोठणबिंदू सर्वांत खाली, म्हणजे उणे ११ अंश सेल्सिअसच्या आसपास, याच प्रमाणाला जातो, आणि याच प्रमाणाला पाणी व युरिया एकत्र गोठतात व एकत्र वितळतात. त्यामुळे चांगले डीईएफ गोठून पुन्हा वितळले तरी त्याचे प्रमाण बिघडत नाही आणि ते पूर्वीसारखेच वापरता येते. गोठताना ते सुमारे सात टक्के फुगते, म्हणून हिवाळ्यात टाकी तोंडापर्यंत भरू नये. इथपर्यंत बहुतेकांना माहीत असते. मात्र प्रमाण बिघडलेले डीईएफ असे वागत नाही. त्यात पाणी जास्त असेल तर आधी निव्वळ पाण्याचा बर्फ वेगळा होतो आणि मागे उरलेला द्रव घट्ट होत होत पुन्हा ३२.५ च्याच दिशेने सरकतो. वितळताना हाच क्रम उलटा होतो. सुरुवातीला जो द्रव सुटतो तो ३२.५ च्या जवळपास असतो आणि जास्तीचे पाणी वरच्या बर्फाच्या तुकड्यांत अडकलेले असते.

अर्धवट गोठलेल्या टाकीतून बर्फाच्या मधला द्रव ओढून तो रिफ्रॅक्टोमीटरवर टाकला, तर टाकीतले एकूण प्रमाण २९ असो वा ३०, रेषा जवळजवळ योग्य जागी दिसते. पहिल्या हिवाळ्यात माझ्याकडून नेमकी हीच चूक झाली. एका ट्रकवर एससीआरची (डीईएफ आणि उत्प्रेरक वापरून धूर स्वच्छ करणाऱ्या यंत्रणेची) कार्यक्षमता कमी असल्याचा कोड होता, एसपीएन ४३६४ आणि एफएमआय १८. यात एसपीएन म्हणजे दोष कशात आहे त्याचा क्रमांक आणि एफएमआय म्हणजे दोषाच्या प्रकाराचा क्रमांक. पहाटे टाकीत पाहिले तर पातळ चिखलासारखे झालेले डीईएफ होते. सिरिंजने नमुना काढला, आकडा ३२.४ दिसला आणि मी द्रव निर्दोष ठरवून टाकला. त्यानंतर डोझर (एक्झॉस्टमध्ये डीईएफ फवारणारा भाग) काढून साफ केला, नॉक्स म्हणजे नायट्रोजन ऑक्साइड मोजणाऱ्या सेन्सरची जोडणी तपासली, एक्झॉस्टच्या जोडांमधून गळती होते का ते पाहिले, आणि या सगळ्यात दीड दिवस गेला. दुसऱ्या दिवशी दुपारी, टाकी पूर्ण वितळलेली असताना आणि गाडी एक फेरी मारून आलेली असताना, सवयीने पुन्हा नमुना घेतला तेव्हा आकडा ३० च्याही खाली होता. टाकी रिकामी करून धुतली, चांगले डीईएफ भरले आणि तो कोड परत आला नाही. उपकरणाने दोन्ही वेळा त्याच्यावर टाकलेल्या थेंबांचे खरे मोजमाप दिले होते. पहिल्या वेळचा थेंब टाकीचा प्रतिनिधी नव्हता, एवढाच फरक होता.

युरिया जास्त असलेल्या द्रावणाबाबतही गोष्ट तीच असते, फक्त तिथे आधी युरियाचे स्फटिक वेगळे होऊन तळाशी बसतात. उघड्या बादलीत किंवा सैल झाकणाच्या पिंपात पाणी उडून गेल्याने असे घडू शकते. जहाजांसाठी ४० टक्क्यांचे वेगळे द्रावण मिळते आणि ते शून्य अंशाच्या आसपासच स्फटिक धरू लागते. ते ट्रकच्या टाकीत गेले तर पहिल्याच थंड रात्री गाळणी बंद होते. हा प्रकार मात्र क्वचितच घडतो. पाण्याच्या भेसळीच्या तक्रारी त्याच्या कितीतरी पट असतात.

चुकीचा दुसरा स्रोत तापमान आहे, आणि दुर्दैवाने तोही त्याच दिशेला ढकलतो. द्रावण थंड असले की अपवर्तनांक वाढतो. ढोबळ हिशेबाने नमुना दहा अंशांनी थंड असला तर आकडा एक टक्क्याहून थोडा अधिक वर सरकतो. म्हणजे प्रत्यक्षात ३१.१ असलेले डीईएफ ३२.३ दिसू शकते आणि आपण ते मंजूर करून मोकळे होतो. उपकरणावर ‘एटीसी’ म्हणजे आपोआप तापमान दुरुस्ती असे छापलेले असते, पण बहुतेक हाती उपकरणांत ही दुरुस्ती साधारण १० ते ३० अंशांच्या दरम्यानच लागू असते. उणे पाच अंशांत उघड्यावर उभे राहून घेतलेल्या मोजमापाला ती लागू नाही, हे माहितीपत्रकात बारीक अक्षरांत लिहिलेले असते आणि वेष्टनावर लिहिलेले नसते. विक्रेत्यांनी ते वेष्टनावर ठळकपणे द्यायला हवे, कारण ज्या ग्राहकाला हे उपकरण सर्वांत जास्त लागते तो नेमका त्या मर्यादेच्या बाहेर उभा असतो.

यावर उपाय म्हणून काही जण त्याच थंडीत ऊर्ध्वपातित पाण्याने शून्य जुळवून घेतात. तो उपाय पुरेसा नाही. थंडीत पाण्याच्या अपवर्तनांकात होणारा बदल युरियाच्या द्रावणातल्या बदलाएवढा नसतो, त्यामुळे शून्य बरोबर जुळूनही वरच्या आकड्यातली चूक बरीचशी शिल्लक राहते आणि वर खोटा विश्वास येतो. मी आता उपकरण, शून्याचे पाणी आणि नमुना या तिन्ही गोष्टी गरम खोलीत एका टेबलावर ठेवतो. नमुन्याची बाटली घट्ट बंद करून ती २० अंशांच्या आसपास येईपर्यंत थांबतो आणि मग ती दोन-चार वेळा उलटीपालटी करून मोजतो. उघड्या भांड्यात गरम केल्यास पाणी उडते आणि प्रमाण वाढते, ते टाळायलाच हवे. अशा रीतीने घेतलेले मोजमाप दुसऱ्या दिवशी पुन्हा घेतले तरी माझ्या उपकरणावर ०.२ टक्क्यापेक्षा जास्त हललेले नाही, आणि या वर्गातल्या उपकरणासाठी मी ते उत्तम मानतो.

नमुना कुठून घ्यायचा हेही तितकेच महत्त्वाचे आहे. टाकीतल्या सेन्सरने द्रवाचे तापमान शून्याच्या बरेच वर दाखवले पाहिजे, गाडी थोडी चाललेली असावी म्हणजे द्रव ढवळला जातो, आणि लांब, स्वच्छ प्लॅस्टिकच्या नळीने तो मधल्या थरातून घ्यावा. पितळ, तांबे किंवा जस्ताचा मुलामा असलेले काहीही वापरू नये. डीईएफ या धातूंना खाते आणि विरघळलेला धातू पुढे जाऊन उत्प्रेरकाचे नुकसान करतो.

इथे एक गोष्ट स्पष्ट करतो. डीईएफ गोठणे हा बिघाड नाही. गोठलेल्या टाकीसह गाडी सुरू व्हावी, चालावी आणि चालता चालता द्रव वितळावा, अशीच ही यंत्रणा बांधलेली असते. युरोपीय नियमांतल्या चाचणीत टाकी उणे १८ अंशांत पूर्ण गोठवल्यानंतर इंजिन सुरू करून ७० मिनिटांच्या आत डोझिंग, म्हणजे डीईएफची फवारणी, पूर्ववत व्हावे लागते. त्यामुळे पहाटे पाच वाजता ‘डोझिंग बंद’ दिसले म्हणून कोणी लगेच हत्यारे काढू नयेत. तासा-दीड तासाने परिस्थिती काय आहे, यावरून खरी तक्रार ठरते.

तोवर द्रव निर्दोष असल्याचे रिफ्रॅक्टोमीटरने सांगितले असेल, तर शोध गरम करणाऱ्या यंत्रणेकडे वळतो. उपकरणाची खरी किंमत मला इथेच जाणवते, कारण त्यामुळे पुढच्या कामाची दिशा ठरते. बहुतेक अवजड ट्रकांत टाकी गरम करण्यासाठी इंजिनाचा कूलंट (इंजिन थंड ठेवणारा द्रव) टाकीतल्या वेटोळ्यातून फिरवला जातो आणि तो सोडणे-थांबवणे एक सोलेनॉइड, म्हणजे विजेवर चालणारा, व्हॉल्व्ह करतो. डीईएफच्या नळ्या मात्र विजेने गरम होतात. इंजिन गरम झाल्यावर टाकीकडे जाणाऱ्या आणि तिथून परतणाऱ्या दोन्ही कूलंट नळ्यांना जपून हात लावला तरी बरेच कळते. दोन्ही गरम असतील तर कूलंट फिरतो आहे. एक गरम आणि दुसरी गार असेल, तर व्हॉल्व्ह बंद राहिला आहे किंवा मार्ग तुंबला आहे. दोन्ही कोमटच असतील तर मी इंजिनाच्या थर्मोस्टॅटकडे पाहतो. तो (कूलंटचा रेडिएटरकडचा मार्ग तापमानानुसार उघडणारा व्हॉल्व्ह) उघडा अडकलेला असला की थंडीत कूलंट पुरेसा तापतच नाही, केबिनचा हीटरही नीट चालत नाही आणि डीईएफच्या टाकीला काहीच ऊब पोहोचत नाही. हे कारण डीईएफच्या कोणत्याही कोडमधून थेट समोर येत नाही, म्हणून चालकाला केबिनच्या हीटरबद्दल विचारायला मी विसरत नाही.

दुसरी तपासणी स्कॅनरवर, म्हणजे इंजिनाच्या संगणकातले आकडे व कोड वाचणाऱ्या यंत्रावर, इंजिन सुरू करण्याआधी करायची असते. गाडी रात्रभर उघड्यावर उभी असेल, तर पहाटे बाहेरच्या हवेचे, कूलंटचे, आत येणाऱ्या हवेचे आणि डीईएफ टाकीचे तापमान एकमेकांच्या जवळपास असले पाहिजे. बाकीची तिन्ही उणे १४ आणि टाकी मात्र अधिक १५ दाखवत असेल, तर दोष टाकीच्या तापमान सेन्सरमध्ये किंवा त्याच्या वायरिंगमध्ये आहे, आणि इंजिनाचा संगणक टाकी गरम करण्याची आज्ञाच देणार नाही, कारण त्याच्या लेखी बर्फच नाही. असा ट्रक कोणताही कोड न दाखवता गोठून बसू शकतो. टाकीच्या तापमानासाठी एसपीएन ३०३१, टाकीच्या हीटरसाठी ३३६३ आणि नळ्यांच्या हीटरसाठी ४३५४ ते ४३५७ हे क्रमांक पाठ करून ठेवण्यासारखे आहेत. त्यांच्यापुढे एफएमआय ५ असेल तर तुटलेला मार्ग, ३ असेल तर अपेक्षेपेक्षा जास्त व्होल्टेज आणि ४ असेल तर कमी व्होल्टेज, इतके कळले तरी मल्टिमीटर कुठे लावायचा ते ठरते. नळ्यांच्या हीटरचा रोध उत्पादकाच्या पुस्तिकेतल्या आकड्याशी ताडून पाहावा. कनेक्टर उघडल्यावर आत पांढरे स्फटिक दिसले तर तो कनेक्टर केवळ पुसून परत लावू नये. डीईएफ तारेच्या आवरणाच्या आतून पुष्कळ लांबवर सरकते आणि पुढचा जोडही खाल्लेला निघतो.

पातळीच्या तक्रारींबाबत रिफ्रॅक्टोमीटर अप्रत्यक्ष मदत करते. पुष्कळ टाक्यांत पातळी आणि गुणवत्ता ध्वनिलहरींनी मोजली जाते. बर्फात किंवा हवेचे बुडबुडे असलेल्या द्रवात त्या लहरी नीट परतत नाहीत, आणि मग एसपीएन १७६१ चा पातळीचा किंवा ३३६४ चा गुणवत्तेचा कोड उठतो. पूर्ण वितळलेला, गरम खोलीत मोजलेला नमुना ३२.५ दाखवत असेल आणि तरीही गाडी द्रव खराब असल्याचे सांगत असेल, तर वाद उपकरण आणि सेन्सर यांच्यातला उरतो. अशा वेळी मी बुडबुडे निवण्यासाठी गाडी थोडा वेळ उभी ठेवतो आणि त्यानंतरही फरक राहिला तरच सेन्सरवर बोट ठेवतो.

दुसऱ्या हिवाळ्यातला एक ट्रक मला फार शिकवून गेला. दर थंड रात्रीनंतर त्यात डीईएफचा दाब तयार होत नसे. पंप आधीच एकदा बदललेला होता आणि नवा पंपही फुटला होता. नमुना योग्य रीतीने मोजला, ३२.६ आले, म्हणजे द्रवाचा काही दोष नव्हता. कूलंटच्या नळ्या गरम होत्या आणि तापमाने एकमेकांशी जुळत होती. सर्व काही ठीक असताना पंप का फुटावा, याचे उत्तर चालकाच्या शेजारी उभे राहिल्यावर मिळाले. किल्ली बंद करताच, खाली उतरता उतरता, तो बॅटरीचा मुख्य कट-ऑफ (सगळी वीज तोडणारा स्विच) फिरवत असे. किल्ली बंद झाल्यावर ही यंत्रणा पंप उलटा चालवून नळ्यांतले आणि डोझरमधले डीईएफ टाकीत परत ओढते, आणि त्याला मिनिटभर किंवा त्याहून अधिक वेळ लागतो. बारीक घरघर थांबेपर्यंत वीज तोडायची नसते. ती मध्येच तोडली की द्रव पंपात आणि नळ्यांत तसाच राहतो, रात्री फुगून गोठतो आणि जे काही नाजूक असेल ते तडकते. चालकाला हे कोणी सांगितलेच नव्हते. त्याला ते समजावून सांगितल्यानंतर त्याने स्वतः कट-ऑफच्या दांड्याजवळ सूचनेची पट्टी चिकटवली, आणि तो पंप पुढचा पूर्ण हिवाळा टिकला.

आता या उपकरणाला काय दिसत नाही, तेही नीट सांगायला हवे. ते फक्त प्रकाशाचे वाकणे मोजते आणि वाकवणारा पदार्थ कोणता आहे हे त्याला कळत नाही. हिवाळ्याच्या दृष्टीने यातला सर्वांत घातक प्रकार कूलंटचा आहे. निम्मे इथिलीन ग्लायकोल आणि निम्मे पाणी असलेल्या कूलंटचा अपवर्तनांक डीईएफच्या इतका जवळ असतो की टाकीतले वेटोळे गळून कूलंट डीईएफमध्ये मिसळला तरी रेषा जवळपास जागची हलत नाही. तिथे डोळे आणि नाकच उपयोगी पडतात. डीईएफ पाण्यासारखे स्वच्छ आणि रंगहीन असते. त्यात हिरवट, गुलाबी किंवा केशरी झाक दिसली आणि कूलंटची पातळी कारण नसताना उतरत असली, तर आकडा काहीही असो, टाकी रिकामी करावी. नळाच्या पाण्यातला चुनाही या उपकरणाला दिसत नाही. कोणी साधा शेतीचा युरिया नळाच्या पाण्यात नेमक्या प्रमाणात विरघळवला तर रिफ्रॅक्टोमीटर त्याला संमती देईल आणि उत्प्रेरक मात्र हळूहळू निकामी होईल. डिझेलची भेसळ कधी पुसट, तुटक रेषेतून जाणवते, पण त्यावर विसंबू नये. पारदर्शक बाटलीत नमुना स्थिर ठेवला की तेलाचा तवंग वर येतो आणि डिझेल ओळखणाऱ्या पट्ट्यांनी त्याची खात्री करता येते.

डोझरच्या टोकावरचे पांढरे थर हा आणखी एक विषय या उपकरणाच्या आवाक्याबाहेरचा आहे. एक्झॉस्ट साधारण २०० अंशांपर्यंत तापल्याशिवाय फवारलेल्या युरियाचे अमोनियात नीट रूपांतर होत नाही. थंडीत तासन्‌तास नुसते चालू ठेवलेले इंजिन एक्झॉस्ट गार ठेवते, आणि अर्धवट विघटन झालेल्या युरियापासून बाययुरेट, सायन्युरिक आम्ल असे कठीण थर बसत जातात. असे थर दिसले म्हणून द्रवाला दोष देऊ नये. गाडी किती वेळ उभी राहून चालू होती ते आधी विचारावे.

डिजिटल प्रकारही मी एक हिवाळा वापरून पाहिला. त्यात डोळ्याने रेषा वाचण्यातला मतभेद उरत नाही, दोन माणसांना एकच आकडा दिसतो आणि तापमानाची दुरुस्ती अधिक काटेकोर असते, त्यामुळे कागदावर नोंद ठेवायची असेल तेव्हा तो सोयीचा ठरतो. मात्र कडक थंडीत त्याचा पडदा मंदावतो, बॅटरी लवकर बसते आणि प्रिझमच्या खाचेत सुकलेला युरिया काढणे अवघड जाते. ऑप्टिकल उपकरणाला बॅटरी नाही आणि ते हातमोजे घालूनही वापरता येते. रात्री मात्र त्याला स्थिर, पांढरा उजेड लागतो. मोबाईलच्या दिव्याने सीमारेषेला दोन कडा दिसतात आणि त्यातली कोणती वाचायची याबद्दल माझ्याच दोन सहकाऱ्यांत एकमत होत नसे. माझ्या कामासाठी मी ऑप्टिकलच ठेवले. जिथे एकाच दिवसात अनेक गाड्यांचे नमुने येतात आणि मोजणारे हात बदलत राहतात, तिथे डिजिटल घेणे योग्य होईल. कूलंटसाठी किंवा बॅटरीच्या आम्लासाठी असलेले जुने रिफ्रॅक्टोमीटर घरात आहे म्हणून त्यावर डीईएफ मोजू नये. त्याच्या मोजपट्टीवरचे आकडे युरियाचे नसतात.

टिकाऊपणाबद्दल माझी एकच तक्रार आहे. झाकणाची बिजागरी प्लॅस्टिकची आहे आणि तिच्या सांध्यात युरियाचे स्फटिक साचून दुसऱ्या वर्षाअखेरीस ती घट्ट झाली. झाकण पूर्ण टेकेनासे झाले, प्रिझमवर हवेची पोकळी राहू लागली आणि रेषा पुसट दिसू लागली. कोमट ऊर्ध्वपातित पाण्यात ते टोक भिजवल्यावर ती सुटली. तेव्हापासून प्रत्येक मोजमापानंतर मी प्रिझम आणि बिजागरी दोन्ही ऊर्ध्वपातित पाण्याने धुतो आणि धागे न सुटणाऱ्या कापडाने टिपतो. नळाचे पाणी वापरत नाही, कारण त्याचे डाग प्रिझमवर राहतात. आणखी एक सवय लावून घेतली आहे. चांगल्या, सीलबंद डीईएफची एक छोटी बाटली मी थंड आणि अंधाऱ्या जागी ठेवतो. २५ अंशांपर्यंतच्या साठवणीत डीईएफ साधारण १८ महिने टिकते, ३५ अंशांना हीच मुदत सहा महिन्यांवर येते, म्हणून बाटलीवर तारीख लिहिलेली असते. महिन्यातून एकदा शून्य जुळवल्यानंतर त्या बाटलीतले दोन थेंब मोजतो. पाण्याने केवळ मोजपट्टीचे खालचे टोक तपासले जाते. ज्या जागी निर्णय घ्यायचा असतो ती जागा ३२.५ जवळची आहे, आणि ती बरोबर असल्याची खात्री या बाटलीमुळेच मिळते. अशी लहान प्रमाणित बाटली उपकरणाच्या पेटीतच देणारा उत्पादक मला सापडला, तर पुढचे उपकरण मी त्याच्याकडूनच घेईन.